जिभेचा कॅन्सर, मग मानेचं ऑपरेशन कशाला?

बाबांच्या जिभेच्या कडेला एक जखम झालीये आणि महिना झाला तरी ती भरत नाहीये, असं समजा. आधी वाटतं, दात लागत असेल. मग बायोप्सी होते, रिपोर्ट येतो आणि डॉक्टर सांगतात, "जिभेचा हा भाग काढू आणि त्याच वेळी मानेतल्या गाठीही काढू."

इथेच घरातले अडतात. मानेत तर हाताला काही लागत नाही, सोनोग्राफीही स्वच्छ आहे. मग चांगल्या मानेला सुरी कशाला लावायची? खरं सांगू, हा विषय वाचायला घेतला तेव्हा मलाही अगदी हेच वाटलं होतं.

घसा खूप दुखतो तेव्हा जबड्याखाली गाठी सुजतात, हे तुम्ही अनुभवलं असेल. त्याच या लसिका ग्रंथी. त्या सगळ्यांच्या मानेत असतात. जिभेतून निघणाऱ्या बारीक लसिकावाहिन्या थेट तिथे पोहोचतात, त्यामुळे जिभेचा कॅन्सर पसरतो तो बहुतेक वेळा आधी मानेत. सुरुवातीला ग्रंथीत मूठभर पेशीच असतात. त्या बोटांना लागत नाहीत आणि स्कॅनमध्येही दिसत नाहीत. मान स्वच्छ वाटणाऱ्या साधारण 20 ते 30 टक्के रुग्णांमध्ये कॅन्सर तिथे आधीच पोहोचलेला असतो.

उरलेल्यांना मात्र या ऑपरेशनची गरज नसते. म्हणूनच डॉक्टरांमध्येही अनेक वर्षं दोन तट होते. काही म्हणत, लगेच काढा. काही म्हणत, लक्ष ठेवा, गाठ आली तर बघू.

या वादाचं सर्वात ठोस उत्तर आपल्या मुंबईतून आलं. परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात 2004 ते 2014 या काळात डॉ. अनिल डिक्रूज आणि सहकाऱ्यांनी तोंडाचा कॅन्सर सुरुवातीच्या टप्प्यात असलेल्या रुग्णांचे दोन गट केले. त्यात बहुतेक जण जिभेच्या कॅन्सरचे होते. एका गटाची मान लगेच साफ केली, तर दुसऱ्या गटात गाठ दिसल्यावर. पहिल्या 500 रुग्णांचे आकडे 2015 मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आले. तीन वर्षांनी पहिल्या गटातले 80 टक्के रुग्ण जिवंत होते, दुसऱ्या गटातले 67.5 टक्के. म्हणजे लगेच ऑपरेशन केलेल्या दर आठ जणांमागे एकाचा जीव वाचला.

'थांबून बघू' हा पर्याय कागदावर सोपा वाटतो. पण तपासणीसाठी दर एक-दोन महिन्यांनी दूरच्या गावाहून रेल्वेने यायचं, कामाचे खाडे करायचे, हे किती घरांना जमतं? आणि गाठ हाताला लागते, तोवर आजार बराच पुढे गेलेला असू शकतो.

ऑपरेशनचा त्रास मात्र लपवू नये. चीर बहुधा मानेच्या घडीत देतात आणि काही दिवस ड्रेनची नळी असते. कानाखाली बधिरपणा राहू शकतो. खरी काळजी खांद्याची. खांदा उचलणारी नस याच भागातून जाते. सर्जन ती जपतात, तरी ती दुखावू शकते. मग केस विंचरणं, फळीवरचा डबा काढणं अवघड जातं. त्यामुळे खांद्याचे व्यायाम कधी सुरू करायचे, हे घरी जाण्याआधीच फिजिओथेरपिस्टला विचारा.

काढलेल्या ग्रंथी तपासणीला जातात. त्यांत कॅन्सर निघाला तर रेडिएशन लागू शकतं.

सरसकट प्रत्येकाचीच मान उघडतात, असंही नाही. सर्जनला विचारा, गाठ जिभेत किती मिलिमीटर खोल आहे? अगदी उथळ असेल तर कधीकधी थांबता येतं. काही केंद्रांत आधी फक्त पहिल्या एक-दोन ग्रंथी काढून तपासतात. ती सोय तिथे आहे का? गाठ जिभेच्या मध्याजवळ असेल, तर दोन्ही बाजूंची मान करणार का? हे प्रश्न कागदावर लिहून न्या. केबिनमध्ये शिरलं की निम्मे विसरायला होतात.