आधी वास्तव्य, मग वार्ता

ऑक्टोबरातील मिशन रविवार जवळ आला की धर्मग्रामांच्या फलकांवर तीच चित्रे झळकू लागतात : अफाट वाळू, एखादी झोपडी आणि पांढऱ्या झग्यातील एकाकी धर्मगुरू. दानपेटी फिरते, कौतुक होते आणि पाहुण्या मिशनऱ्याला हमखास विचारले जाते, "फादर, किती बाप्तिस्मे झाले?" भंडारा जिल्ह्यात राहून आम्ही स्पष्टपणे सांगू इच्छितो की, हा प्रश्नच चुकीचा आहे. मिशनकार्याची त्याने केलेली हानी रणरणत्या उन्हानेही केली नसेल.

वाळवंटच पाहायचे, तर खऱ्या वाळवंटातील मिशनऱ्याचा दिनक्रम पाहू. संत शार्ल द फुको १९०५ मध्ये अल्जीरियातील तामानरासेत या सहारातील आडवस्तीत तुआरेग लोकांमध्ये जाऊन राहिले. तेथे ते काय करीत? प्रार्थना करीत, येणाऱ्याजाणाऱ्याची विचारपूस करीत आणि तासन् तास बसून तुआरेगांची भाषा शिकत, त्यांची काव्ये टिपून घेत. सेवकाविना एकट्याने मिस्सा अर्पण करण्याची तेव्हा मुभा नव्हती. १९०७ चा नाताळ त्यांना मिस्सेविना काढावा लागला. पुढच्याच महिन्यात ते अंथरुणाला खिळले, तेव्हा दुष्काळातही शेळ्यांचे दूध शोधून आणून तुआरेगांनीच त्यांना जगवले. १ डिसेंबर १९१६ रोजी त्यांची हत्या झाली, तेव्हा बाप्तिस्म्यांचा आकडा जवळजवळ शून्य होता. मागे राहिला तो भाषेचा प्रचंड कोश. तो पुढे १९५१-५२ मध्ये चार खंडांत छापला गेला. आकड्यांच्या तराजूत हा माणूस नापास ठरतो. ख्रिस्तसभेने मात्र १५ मे २०२२ रोजी त्यांना संतपद बहाल केले.

आमच्याकडे वाळवंट नाही. वैनगंगा आहे, तलाव आहेत, धानाच्या बांध्या आहेत. पण परक्यासाठी हा मुलूखही तितकाच दूरचा. मे महिन्यात माणसे पहाटेच तेंदूपत्त्यासाठी जंगलात जातात; पावसाळ्यात रोवणी लागली की घरोघर कुलपे दिसतात. हे ठाऊक नसलेला मिशनरी दुपारी दार ठोठावतो आणि लोक उदासीन आहेत असा अहवाल लिहितो. येथली झाडीबोली 'पाणी'ला 'पानी' म्हणते. पुस्तकी मराठी शिकून आलेल्याने त्यावर ओठ मुडपून हसावे आणि मग लोक मन का मोकळे करीत नाहीत, याचे नवल करावे! दंडारीतला विनोद ज्याला कळत नाही, त्याला या लोकांचे दुःख तरी कसे कळावे?

हे कळायला वर्षे लागतात, आणि नेमकी ती वर्षेच दिली जात नाहीत. बोली जिभेवर रुळते न रुळते तोच बदलीचा आदेश येतो. धर्मसभेच्या १९८३ च्या विधिसंहितेतील ५२२ वे कलम सांगते की, धर्मग्रामाच्या प्रमुख धर्मगुरूला स्थैर्य असावे. ठरावीक मुदतीची नेमणूक ही सवलत आहे. सवलतच नियम होऊन बसली, तर बोलायचे कोणी?

कोणी म्हणेल, मिशनऱ्याने कोठे गुंतू नये. संत पौल नाही का गावोगाव फिरले? फिरले खरे. परंतु पौलांना ग्रीक भाषा अवगत होती आणि ज्या शहरांत ते गेले तेथे ती बोलली जाई. तरीही करिंथमध्ये ते दीड वर्ष आणि एफेसमध्ये सुमारे तीन वर्षे राहिले. शिष्यांना पाठवताना प्रभूने, या घरातून त्या घरात फिरत बसू नका, असेच बजावले होते. स्वतः प्रभूने तीन वर्षांच्या उपदेशापूर्वी सुमारे तीस वर्षे नाझरेथमध्ये काढली. आणि मराठी ख्रिस्ती माणसाने फादर थॉमस स्टीफन्स यांना कसे विसरावे? ते १५७९ मध्ये गोव्यात आले आणि 'क्रिस्तपुराण' छापून निघाले १६१६ मध्ये. मधली सदतीस वर्षे ही त्या ग्रंथाची मुळे होत. तीन-तीन वर्षांनी बदली झाली असती, तर मराठीला तो ग्रंथ लाभला असता काय?

म्हणून वसई-मुंबईकडच्या धर्मग्रामीय कुटुंबांना आमची आग्रहाची विनंती आहे. दान अवश्य द्या. पण मिशनरी पाहुणा आला की त्याला बाप्तिस्म्यांचा आकडा विचारू नका. तेथील लोकांची बोली तुम्हाला येते का, किती वर्षे तेथे आहात, आणि आणखी किती वर्षे तुम्हाला तेथे राहू देणार आहेत, हे विचारा. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर त्याच्या हाती नसेल, तर तो त्याच्या वरिष्ठांना पत्राने विचारा. नव्या इमारतीच्या कोनशिलेवर नाव कोरून घेण्यापेक्षा एका तरुण धर्मगुरूच्या किंवा धर्मभगिनीच्या भाषाशिक्षणाच्या वर्षाचा खर्च उचला. या देणगीची कोनशिला बसत नाही, हे खरे. पण रोवणीच्या दिवसांत बांधीच्या धुऱ्यावर उभे राहून आमच्याशी आमच्या बोलीत बोलणारा माणूस आम्हाला लाभेल. आम्हाला तोच हवा आहे.