आधी आकाश, मग लाल ठिपका

दुर्बिणीचा इतिहास सांगताना आरसा किती इंची आणि दीर्घिका किती दूरची, याचेच कौतुक होते. नेम कसा धरला, हे कोणी विचारत नाही. नवी दुर्बीण घेणाऱ्याची पहिली निराशा मात्र नेमापाशीच होते. नळी शनीकडे रोखलेली असते आणि नेत्रिकेत नुसता काळोख.

ही अडचण दुर्बिणीइतकीच जुनी आहे. गॅलिलिओच्या वीसपट मोठे दाखवणाऱ्या दुर्बिणीतून जेमतेम पाव अंशाचे आकाश दिसे. पौर्णिमेचा चंद्रही एका वेळी मावत नसे. टायको ब्राहे यांनी त्याआधी एकही भिंग न वापरता, केवळ फटींतून नेम धरून ताऱ्यांची स्थाने सुमारे एका कलेपर्यंत अचूक मोजली होती. १६३९च्या सुमारास इंग्लंडच्या विल्यम गॅस्कॉइन यांना दुर्बिणीच्या नाभीत अडकलेला कोळ्याचा धागा स्पष्ट दिसला आणि दुर्बिणीलाच नेमाची रेघ मिळाली. तरी डॅन्झिगचे हेवेलियस उघड्या डोळ्यांनीच वेध घेत राहिले. लंडनमध्ये रॉबर्ट हूक यांनी त्यांच्यावर टीकेची झोड उठवली, तेव्हा १६७९ मध्ये तरुण एडमंड हॅली दुर्बिणीचे यंत्र घेऊन डॅन्झिगला गेले. शेजारी शेजारी वेध घेतल्यावर म्हाताऱ्याचे आकडे आपल्यापेक्षा कमी नाहीत, हे त्यांना मान्य करावे लागले. काळाने मात्र भिंगाचीच बाजू घेतली. मोठ्या दुर्बिणीच्या पाठीवर छोटी शोधक दुर्बीण बसवायची, हा शिरस्ता पडला.

उघडा डोळा परत आला तो बंदुकीच्या वाटेने. डब्लिनचे सर हॉवर्ड ग्रब हे त्या काळातले नामांकित दुर्बीणकार. व्हिएन्नाची २७ इंची दुर्बीण त्यांची. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधल्या महाराजा तख्तसिंहजी वेधशाळेत कावसजी दादाभाई नायगमवाला वापरत ती परावर्ती दुर्बीणही त्यांच्याच कारखान्याची. वेधशाळा बंद झाल्यावर, १९१२ मध्ये, ती कोडाईकनालला गेली. या ग्रब यांनी १९०० मध्ये एका नव्या नेमदर्शकाचे पेटंट घेतले. भिंगाच्या नाभीत ठेवलेली उजळ खूण तिरक्या काचेवरून परावर्तित होते आणि जणू अनंत अंतरावर तरंगताना दिसते. डोळा थोडा इकडे-तिकडे झाला तरी खूण लक्ष्यावरून हलत नाही, आणि काहीही मोठे दिसत नाही.

कल्पना दुर्बीणकाराची, पण ती उचलली लष्कराने. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस ती जर्मन लढाऊ विमानांवर दिसली आणि दुसऱ्या महायुद्धात सर्वत्र रुळली. १९६२ मध्ये निक होलोन्याक यांनी लाल प्रकाशाचा एलईडी बनवला, १९७५ मध्ये स्वीडनच्या एमपॉइंटने बंदुकीसाठी विजेवरचा लाल ठिपका आणला. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियाच्या स्टीव्ह कुफेल्ड या हौशी आकाशनिरीक्षकाने ‘टेलरॅड’ तयार केले. त्यात ठिपक्याऐवजी अर्धा, दोन आणि चार अंशांची तीन लाल वर्तुळे आकाशावर तरंगतात. पाऊणशे वर्षे फिरून ग्रब यांची युक्ती दुर्बिणीवर आली. बाजारातले स्वस्त लाल ठिपके छऱ्याच्या बंदुकीवरच्या नेमदर्शकांचे भाऊबंद आहेत.

निवडताना हा वंश ध्यानात ठेवावा. बंदुकीचा ठिपका भर दिवसा दिसावा म्हणून बनतो. आकाशासाठी तो इतका मंद करता आला पाहिजे की खालचा तारा त्यात बुडणार नाही. अनेक स्वस्त नमुन्यांत सर्वांत कमी पायरीही डोळ्यांत खुपते आणि काचेवरचा रंगीत लेप ताऱ्यांचा उजेड खातो. प्रकाश लाल असण्याला कारण आहे: अंधारात पाहणाऱ्या दृष्टिपेशी लाल रंगाला जवळजवळ दाद देत नाहीत, म्हणून वीस-तीस मिनिटांत अंधाराला सरावलेली नजर टिकते. दुकानातच मान हलवून पाहावे. ठिपका दूरच्या खांबावरून सरकत असेल तर वस्तू परत करावी. दुर्बिणीशी जुळवणी दिवसा लांबच्या मनोऱ्यावर करावी, सूर्याच्या आसपासही नाही.

दुर्बीणही पाहावी लागते. ४०० मिलिमीटर नाभीय अंतराच्या आखूड दुर्बिणीत २५ मिलिमीटरची साधी नेत्रिका सुमारे तीन अंशांचे आकाश दाखवते; तिथे साधा ठिपका पुरतो. १५०० मिलिमीटरच्या दुर्बिणीत तीच नेत्रिका एक अंशही दाखवत नाही. तिथे अंतर मोजता येणारी वर्तुळे किंवा भिंगाचा शोधक लागतो.

खरा निकाल मात्र आकाश देते. देवयानी दीर्घिका शोधण्याची रुळलेली वाट घ्या. मिराक या दुसऱ्या प्रतीच्या ताऱ्यापासून म्यू आणि न्यू या दोन मंद ताऱ्यांवरून पुढे गेले की दीर्घिका सापडते. पुण्या-मुंबईच्या दिव्यांत मिराक दिसतो, ते दोघे दिसत नाहीत. ठिपका टेकवायला तारा नसेल तर सर्वांत महागडा ठिपकाही निकामी. तिथे ५० मिलिमीटरचा आठपट शोधक ते तारे उजळ करून दाखवतो. काटकोनी, सुलट प्रतिमेचा असेल तर मानही वाचते. म्हणून शहरातल्या गच्चीवरून पाहणाऱ्याने आधी भिंगाचा शोधक घ्यावा आणि ठिपका जोडीला ठेवावा. गावाकडच्या काळोखात पाहणाऱ्याने आधी टेलरॅडसारखी वर्तुळे घ्यावीत. दोन्ही एकाच नळीवर बसवणारे हौशी लोक उधळे नाहीत. एकाने जवळ पोचायचे आणि दुसऱ्याने पक्के करायचे, ही कामाची वाटणी आहे.

डॅन्झिगच्या वादात दोन्ही बाजूंनी एक गोष्ट गृहीत धरली होती: डोक्यावरचे आकाश सर्वांचे सारखेच काळे आहे. ते गृहीतक आज मोडले आहे. जानेवारी २०२४ मध्ये महाराष्ट्रातला पेंच व्याघ्र प्रकल्प भारतातले पहिले ‘डार्क स्काय पार्क’ ठरला. अंधाराला असा दर्जा मिळावा लागतो, हीच बातमी शहरांच्या आकाशाबद्दल पुरेशी बोलते. शाळा आणि हौशी मंडळे दुर्बिणीसाठी निधी जमवतात, तेव्हा त्यांनी पालिकेकडे आणखी एक अर्ज द्यावा: मैदानाभोवतीचे दिवे झाकणी लावून खाली वळवा. त्या झाकण्यांना शोधकापेक्षा जास्त खर्च येईल, पण त्यांचा उपयोग गच्चीवरच्या प्रत्येक डोळ्याला होईल, दुर्बीण नसलेल्यांच्याही.