रस्ता कधी तोट्यात जातो का?

मंडळी, 'बेस्ट पुन्हा तोट्यात' हा मथळा मी आजवर किती वेळा वाचला असेल, त्याला गणती नाही. खाली मजकूरही ठरलेला. खर्च वाढला, उत्पन्न घटलं, भाडेवाढ अटळ. आणि दर वेळी माझ्या मनात तोच प्रश्न येतो. लालबहादूर शास्त्री मार्ग तोट्यात गेला, अशी बातमी कधी कुणी वाचलीय का? पूर्व द्रुतगती महामार्गाने यंदा किती कमावलं, असं कुणी विचारतं का? डांबर घातलं, उखडलं, पुन्हा घातलं, खड्डे बुजवले... या सगळ्याला आपण खर्च म्हणतो, फार तर विकास म्हणतो. तोटा कुणी म्हणत नाही. मग त्याच रस्त्यावरून एका वेळी पन्नास-साठ माणसं वाहून नेणारी बस तेवढी तोट्यात कशी?

आज या प्रश्नाबद्दल लिहायचंय. थोडा हिशेबाचा विषय आहे. मी आयुष्यभर मराठी शिकवलं, गणित नव्हे. पण हा हिशेब चौथीतल्या मुलालाही जमेल असा आहे.

पहिली तारीख १४ ऑक्टोबर २०२४. त्या रात्री बारापासून मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवर मोटारींना टोल माफ झाला. दहिसर, मुलुंडचे दोन, ऐरोली आणि वाशी. मोटारीचा टोल तेव्हा ४५ रुपये होता. रोज एकदाच भरायचा धरला तरी महिन्याच्या २६ दिवसांचे ११७० रुपये वाचले. बरं, माफ केला म्हणून तो पैसा हवेत विरत नाही, त्याचा भार कुठल्या ना कुठल्या वाटेने सरकारी तिजोरीवर, म्हणजे आपल्या सगळ्यांवर येतो.

दुसरी तारीख ९ मे २०२५. त्या दिवशी बेस्टचं कमीत कमी भाडं पाचाचं दहा झालं, आणि वातानुकूलित गाडीचं सहाचं बारा. घरकामाला जाणारी बाई रोज जाऊन-येऊन पाच किलोमीटरच्या आतले दोन प्रवास करत असेल, तर आधी महिन्याला २६० रुपये लागायचे, आता ५२०. पास काढला तर थोडं कमी, पण वाढ ती वाढच.

सात महिन्यांचंही अंतर नाही हो या दोन निर्णयांत! मोटारवाल्याला ११७० रुपयांची सूट आणि बसवाल्या बाईला २६० रुपयांचा भुर्दंड. धोरण धोरण म्हणतात ते यालाच. जाहीरनाम्यात काय लिहिलंय यापेक्षा कुणाला सूट मिळाली आणि कुणाच्या पर्सला हात घातला, हे पाहिलं की सरकारच्या मनातलं कळतं.

आता थोडा इतिहास. तरुण नातेवाइकांनी कंटाळा करू नये! मुंबईत विजेची ट्राम सुरू झाली ७ मे १९०७ रोजी. त्याआधी घोडे ट्राम ओढायचे. विजेचा पुरवठा आणि ट्राम एकाच कंपनीकडे होती. मोटारबस आली १९२६ साली, अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट. आणि ७ ऑगस्ट १९४७ रोजी, म्हणजे स्वातंत्र्याच्या आठच दिवस आधी, मुंबई महापालिकेने वीज आणि वाहतूक असा सगळाच कारभार ताब्यात घेतला. बेस्टच्या नावात वीज आणि वाहतूक शेजारी शेजारी का, त्याचं उत्तर या इतिहासात आहे.

या शेजाराचा मोठा उपयोग होता. विजेच्या धंद्यात चार पैसे उरायचे, ते बसला मिळायचे. गंमत अशी, की बेस्टची वीज फक्त शहरात, म्हणजे कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंत. आम्हा उपनगरवाल्यांची वीजबिलं वेगळ्यांची. अंधेरी-बोरिवलीला आधी बीएसईएस, मग रिलायन्स, २०१८ पासून अदानी; आणि मुलुंड-भांडुपला वीज मंडळ, नंतर महावितरण. पण बस मात्र सगळीकडे बेस्टची! म्हणजे गिरगावातल्या दिव्याने मुलुंडची बस चालवली, असं म्हटलं तरी फारसं चुकणार नाही. शहराने उपनगरासाठी केलेली ही मदत होती, आणि तिचा गाजावाजा कुणी केला नाही.

२००३ च्या वीज कायद्यानंतर मात्र सगळं बदललं. विजेच्या ग्राहकाने बसचा तोटा का सोसावा, असा प्रश्न आला, वाद कोर्टकचेरीपर्यंत गेला आणि काही वर्षांनी ही वाट बंद झाली. तत्त्व म्हणून प्रश्न चुकीचा नव्हता. माझं म्हणणं एवढंच, की एक नळ बंद करताना दुसरा सुरू करायला हवा होता. तो कुणी केला नाही. बसचा खर्च कोण देणार, हे न ठरवताच संसार पुढे रेटला.

मग काटकसर सुरू झाली. २०१० च्या सुमारास बेस्टकडे साडेचार हजारांच्या आसपास गाड्या होत्या. जानेवारी २०१९ मध्ये कामगारांचा नऊ दिवसांचा संप झाला. त्याच वर्षी, स्वतःच्या मालकीच्या ३३३७ गाड्या राखू, असा करार कामगार संघटनेशी झाला. आणि २०२५ पर्यंत बेस्टच्या स्वतःच्या गाड्या हजाराच्याही खाली आल्या. बाकीच्या भाडेतत्त्वावरच्या. गाडी कंत्राटदाराची, चालक कंत्राटदाराचा, रंग तेवढा बेस्टचा. काही कंत्राटदारांनी मधेच अंग काढून घेतलं, तेव्हा त्यांच्या गाड्याही रस्त्यावरून गेल्या. ९ डिसेंबर २०२४ ला कुर्ल्यात भाडेतत्त्वावरची विजेची बस गर्दीत घुसली, माणसं गेली. तेव्हा चालकाला त्या नव्या प्रकारच्या गाडीचं पुरेसं शिक्षण मिळालं होतं का, हा प्रश्न सगळीकडे विचारला गेला. शिक्षिका म्हणून मला तो फार लागला. शिकवण्यातली बचत ही सगळ्यात महाग बचत असते.

आता हवामानाकडे येते. मार्च २०२२ मध्ये मुंबईचा हवामान कृती आराखडा प्रसिद्ध झाला. २०५० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जन, असं त्याचं ध्येय आहे. त्यात दिलेल्या हिशेबानुसार शहरातल्या उत्सर्जनापैकी सुमारे ७२ टक्के घरं, दुकानं, कारखाने यांच्या ऊर्जेमुळे आणि २० टक्के वाहतुकीमुळे होतं. आराखडा चांगला आहे, मनापासून सांगते. विजेच्या बसगाड्याही हव्यातच. धूर नाही, आवाज नाही, आणि पायरी खाली असलेली गाडी तर आमच्या गुडघ्यांना वरदान.

पण दोन गोष्टी विसरता कामा नयेत. एक, मुंबईची बरीचशी वीज अजून कोळशावर होते. म्हणजे धूर काही अंशी आपल्या नाकापासून लांब नेला, एवढंच. दुसरी जास्त महत्त्वाची. गाडी विजेची असून भागत नाही, ती स्टॉपवर यावी लागते! २०२२ मध्ये २१०० विजेच्या गाड्यांचं कंत्राट दिलं गेलं, गाड्या मात्र ठरल्या वेळेत आल्या नाहीत. जुन्या तर मोडीत निघत राहिल्या. मग स्टॉपवरचा माणूस काय करणार? रिक्षा करतो. दोन वर्षं रिक्षाला पैसे घातले की कर्ज काढून दुचाकी घेतो. ती दुचाकी पुढची दहा-बारा वर्षं धूर सोडते. आराखड्यातले आकडे आपण अशा रीतीने स्वतःच्या हाताने वाढवतोय.

माझा भाचा बोरिवलीला राहतो. त्याचं म्हणणं, "मावशी, आता मेट्रो आली की! बसचं काय एवढं घेऊन बसलीस?" आली ना, आणि आनंदच आहे. घाटकोपर-अंधेरी-वर्सोवा मेट्रो २०१४ मध्ये सुरू झाली, तेव्हा घाटकोपरहून अंधेरीला जाणाऱ्यांचा जीव भांड्यात पडला. पश्चिम उपनगरातल्या दोन मार्गिका २०२२-२३ मध्ये आल्या. आरे ते कफ परेड भुयारी मेट्रो ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण झाली. पण अरे बाळा, मेट्रो तुझ्या गल्लीच्या तोंडाशी येते का? असल्फ्याच्या डोंगरावरून, गोराईच्या वसाहतीतून, मुलुंड कॉलनीतून स्टेशनपर्यंत माणसाला आणणार कोण? मेट्रो म्हणजे मोठी नदी. तिला पाणी आणणारे ओहोळ म्हणजे बस. ओहोळ आटवून नदी वाहती ठेवता येत नाही.

शिवाय वयाचा मुद्दा आहे. आम्हा सत्तरी ओलांडलेल्यांना बस म्हणजे स्वातंत्र्य असतं. मुलाला 'सोडतोस का रे' म्हणावं लागत नाही, सुनेला सुट्टी काढावी लागत नाही. राजावाडीला तपासणीला जायचंय, वाचनालयात पुस्तक बदलायचंय, बहिणीकडे हळदीकुंकू आहे... पिशवी घ्यायची आणि निघायचं. आमच्या इमारतीतल्या एक बाई, माझ्याहून पाच वर्षांनी मोठ्या, हल्ली बाहेर पडेनाशा झाल्यात. तब्येत ठणठणीत आहे. पण रिक्षा परवडत नाही आणि बस कधी येईल याचा भरवसा वाटत नाही. घराच्या चार भिंतींत एखादं माणूस असं हळूहळू मिटत जातं, ते कुठल्या ताळेबंदात दिसतं? तोटा मोजायचाच, तर हाही मोजा.

मोबाईलवर गाडी कुठे आहे ते दिसतं, तिकीटही निघतं. उत्तम सोय. पण ज्यांच्याकडे तसा फोन नाही, किंवा असून डोळे साथ देत नाहीत, त्यांच्यासाठी स्टॉपवर ठळक अक्षरांत वेळापत्रक नको का? बसच्या कपाळावर देवनागरी आकडा लिहिणाऱ्या संस्थेला हे वेगळं सांगायला नको. तो आकडा वाचायला शिकून एकटीने प्रवास करू लागलेल्या किती आया मी शाळेच्या पालकसभेत पाहिल्यात!

'पैसा कुठून आणायचा?' हा प्रश्न येणारच, आणि तो रास्त आहे. २०१९ मध्ये भाडं आठाचं पाच केलं, तेव्हा ती तूट कोण भरून देणार हे पक्कं केलं नाही, हीच मोठी चूक झाली. स्वस्ताई जाहीर करणं सोपं, तिची तरतूद करणं कठीण. पाच रुपये कायम राहावेत असा माझाही हट्ट नाही. पण पैसाच नाही, हे मात्र पटत नाही. २०२५-२६ चा महापालिकेचा अर्थसंकल्प ७४,४२७ कोटींचा होता. त्यातून बेस्टला १००० कोटी. म्हणजे शंभर रुपयांतले एक रुपया चौतीस पैसे! आणि सागरी किनारा रस्त्याला सुमारे चौदा हजार कोटी लागले. त्यावर मोटारींना टोल नाही. तो रस्ता तोट्यात आहे, असं कुणी म्हटलेलं माझ्या तरी वाचनात नाही.

लंडनमध्ये २००३ पासून शहराच्या मध्यभागी मोटार न्यायची तर पैसे मोजावे लागतात, आणि ते पैसे वाहतुकीवरच खर्च करायचे असं बंधन घातलं होतं. सुरुवातीच्या वर्षांत त्यातला मोठा वाटा बससेवेला गेला. मोटारवाल्याकडून घेऊन बसवाल्याला दिलं. आपण नेमकं उलटं केलं.

आणखी एक बोच. मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली, आणि पुढची निवडणूक झाली थेट जानेवारी २०२६ मध्ये. मे २०२५ ची भाडेवाढ झाली तेव्हा लोकांनी निवडून दिलेली बेस्ट समितीच अस्तित्वात नव्हती. घरात विचारायला कुणी मोठं माणूस नसताना घेतलेला निर्णय तो. आता निवडून आलेले लोक आहेत. तेव्हा माझी मागणी साधी आहे. बसला दर वर्षी ठरावीक वाटा द्या, रस्त्याला देता तसाच, न मागता. स्वतःच्या गाड्या आणि स्वतःचे शिकवलेले चालक ठेवा. आणि गोरेगाव-मुलुंड जोडरस्त्याचे बोगदे राष्ट्रीय उद्यानाच्या पोटातून काढताय, तर तो रस्ता सुरू होईल त्या पहिल्या दिवशी त्यावर बस धावू दे. मोटारींना वाट आधी आणि बसचा विचार मागाहून, असं नको.

नगरसेवक दाराशी आले की आपण गटार आणि पाणी विचारतो. यापुढे एक प्रश्न वाढवूया : आमच्या स्टॉपवर दर किती मिनिटांनी बस येणार? उत्तर मिनिटांत मागा. 'लवकरच' हे उत्तर मी वर्गातही कधी चालवून घेतलं नाही.

तुम्हाला काय वाटतं, जरूर कळवा. भाच्याने तर नक्कीच.