शिकागोत अडकलेले चरित्र

स्वामी विवेकानंदांची जी चरित्रे आमच्या बुलढाणा जिल्ह्यात शाळकरी मुलांच्या हाती पडतात, त्यांतली बहुतेक त्या मुलांच्या हाती देण्याच्या लायकीची नाहीत. हे मी पूर्ण जबाबदारीने लिहितो आहे. १२ जानेवारीला सिंदखेडराजात जिजाऊंचा जन्मोत्सव असतो, त्याच दिवशी शाळाशाळांत विवेकानंदांच्या तसबिरीला हार पडतो. मेहकर तालुक्यातल्या हिवरा आश्रमात त्यांच्या जयंतीला लाखोंची पंगत बसते, ट्रॅक्टरवरून महाप्रसाद वाढला जातो. या बंगाली संन्याशावर इतके जिवापाड प्रेम करणाऱ्या लोकांना स्वस्त कागदावरची एक पातळ पुस्तिका मिळते, आणि त्या पुस्तिकेत विवेकानंद नसतातच.

तिचा साचा ठरलेला. निर्भय बाळ नरेंद्र, रामकृष्णांचा स्पर्श, कन्याकुमारीची शिळा, शिकागो, टाळ्यांचा कडकडाट, आणि मग दोन पानांत थेट महासमाधी. ११ सप्टेंबर १८९३ ते ४ जुलै १९०२ ही जवळजवळ नऊ वर्षे त्या दोन पानांत कोंबलेली असतात. हा माणूस विचारवंत म्हणून घडला, भांडला, थकला तो याच नऊ वर्षांत! शिकागोच्या त्याच सर्वधर्म परिषदेत २० सप्टेंबरला त्यांनी ख्रिस्ती धर्मप्रसारकांना सुनावले की भारताला धर्माची वाण नाही, भाकरीची आहे. हे भाषण मुलांकडून कोणी पाठ करून घेत नाही. १८९८ साली कलकत्त्यात प्लेगची दहशत पसरली, तेव्हा मदतीला पैसा कुठून आणायचा या प्रश्नावर, वेळ पडली तर मठासाठी नुकतीच घेतलेली जमीन विकू, असे ते म्हणाले. पुस्तिकेत याला एक ओळही नाही.

सर्वांत मोठा अपराध मात्र पत्रांच्या बाबतीत घडतो. २० ऑगस्ट १८९३ रोजी, परिषदेला अजून तीन आठवडे अवकाश, खिशातले पैसे संपत आलेले, अशा अवस्थेत मॅसॅच्युसेट्सहून त्यांनी मद्रासच्या अळसिंगा पेरुमाळांना पत्र लिहिले. माणसाच्या थोरवीची शिकवण हिंदू धर्माइतकी उंच कोणी दिली नाही आणि गरिबांची मानही याच्याइतकी कोणी तुडवली नाही, असा त्यातला आशय आहे. १० जून १८९८ च्या पत्रात नैनितालच्या मोहम्मद सर्फराज हुसेन यांना त्यांनी वेदान्ताची बुद्धी आणि इस्लामचा देह अशा भारताचे स्वप्न सांगितले. ही दोन पत्रे गाळून लिहिलेले चरित्र अपुरे आहे असे म्हणून मी थांबणार नाही. ते खोटे आहे.

गाळलेल्या जागी मग काय भरतात? कल्पित संवाद. १८९२ च्या सुमारास विवेकानंद पुण्यात टिळकांच्या घरी आठ-दहा दिवस राहिले. टिळकांनी पुढे लिहिलेली आठवण त्रोटक आहे: पाहुण्याने आपले नावही सांगितले नव्हते, संन्यासी आहे एवढेच म्हटले, आणि जवळ पैसा मुळीच नव्हता. एवढ्यावर आमचे चरित्रकार दोघांच्या तोंडी पानेच्या पाने भाषणे घालतात. १८९२ च्या ऑक्टोबरात ते बेळगावात भाटे यांच्याकडे उतरले. गणेश सदाशिव भाटे यांनी लिहून ठेवले आहे की या संन्याशाने जेवणानंतर पानसुपारी आणि तंबाखू मागितली आणि घरातले सनातनी वळणाचे लोक चकित झाले. मराठी घरातली, डोळ्यांनी पाहिलेली ही साक्ष, आणि मराठी पुस्तिकाच ती तंबाखूसकट गिळून टाकते. तंबाखूने विवेकानंद लहान होतील, अशी भीती ज्या लेखकाला वाटते त्याचा त्यांच्यावर विश्वासच नाही.

विवेकानंदांना आपापल्या बाजूला ओढणारी मंडळीही मला मान्य नाहीत. अमरावती जिल्ह्यातल्या टिमटाळ्यात जन्मलेल्या एकनाथ रानड्यांनी १९६३ च्या जन्मशताब्दीला विवेकानंदांच्या वचनांचे संकलन केले, ते हिंदू राष्ट्राला हाक म्हणून. संकलन म्हणून त्याची जागा आहे, पण लोक ते चरित्रासारखे वाचतात. दत्तप्रसाद दाभोळकरांच्या ‘शोध स्वामी विवेकानंदांचा’ने इतरांनी झाकलेला मजकूर चव्हाट्यावर आणला, हे त्याचे मोठे काम. तरी मांडणी वकिली आहे, आणि वकिलाला अशील बदलताना, स्वतःशी झगडताना दाखवता येत नाही.

चांगली पुस्तके नाहीत असे नाही. रोमाँ रोलाँनी भारतात पाऊलही न ठेवता फ्रेंचमध्ये जे लिहिले, त्यात विवेकानंदांची तडफड दिसते. मेरी लुईस बर्क यांनी अमेरिकेतली जुनी वर्तमानपत्रे धुंडाळून काढली. बंगाली लेखक शंकर यांनी विवेकानंदांच्या वडिलांच्या मृत्यूनंतरचे कोर्टकज्जे आणि देह पोखरणारे आजार मांडले, आणि त्याने विवेकानंदांची उंची तसूभरही घटली नाही. मराठीत वि. रा. करंदीकरांचे ‘विश्वमानव स्वामी विवेकानंद’ आहे. ते जाडजूड आहे, भक्तिभावानेच लिहिलेले आहे, पण वाचकाला मूर्ख समजत नाही.

तेव्हा जिल्ह्यातल्या मुख्याध्यापकांना आणि ग्रंथपालांना माझे सरळ सांगणे आहे. पुस्तक विकत घेण्याआधी शिकागोनंतरची पाने मोजा. पत्रांच्या तारखा आहेत का पाहा. अळसिंगांना लिहिलेले पत्र नसेल तर पुस्तक परत करा. आणि पुढच्या जयंतीच्या वक्तृत्व स्पर्धेत टाळ्यांचे ते भाषण बंद करून विषय द्या: २० ऑगस्ट १८९३ चे पत्र.