प्रतिध्वनीचे पेटंट आणि अपिलाची रखडपट्टी

हेमलकसा-भामरागड भागात पर्लकोटेच्या पुराने रस्ता तुटला की आलापल्ली-चंद्रपूरच्या ठोक व्यापाऱ्याशी सौदा फोनवरच करावा लागतो. अशा वेळी आपलेच बोलणे उलटून आपल्या कानी आले तर भावही नीट कळत नाही आणि नगही. समोरच्याच्या स्पीकरमधून निघालेला आपला आवाज भिंतीवर आपटून तिथल्याच मायक्रोफोनमध्ये शिरतो, त्याचा हा प्रताप. यावरचे यंत्र परतणाऱ्या आवाजाचा अंदाज बांधते आणि तेवढाच वजा करते. माणूस हलला, दार उघडले, की अंदाज आपणहून सुधारते. बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत शिकलेले मनमोहन सोंधी यांनी अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेत यावर काम केले व १९७० साली त्यांना पेटंट मिळाले.

अशी एखादी नवी सुधारणा कोणी भारतात नोंदवू गेला तर? आपल्या पेटंट कायद्याचे कलम ३(के) गणिती पद्धत, अल्गोरिदम व निव्वळ संगणक प्रोग्राम यांना पेटंट देत नाही. अधिकाऱ्याने आतली वजाबाकीच तेवढी पाहिली तर अर्ज बाद! आमच्या मते पाहायचे ते आवाजात पडलेला फरक. ट्युनिशियाचे नागरिक फेरिद अल्लानी यांच्या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने १२ डिसेंबर २०१९ रोजी जवळपास हेच सांगितले. त्यांचा शोध इंटरनेटवरील माहिती मिळवण्याचा होता. पण तांत्रिक परिणाम दिसत असेल तर केवळ प्रोग्राम आहे म्हणून अर्ज फेटाळू नये, हे तत्त्व आवाजाच्या यंत्रालाही लागू पडते.

मात्र अल्लानींच्या पदरात काय पडले? भारतातला अर्ज २००२ चा, मंजुरीचा आदेश जुलै २०२० चा. पेटंटची २० वर्षे मूळ आंतरराष्ट्रीय अर्जापासून, म्हणजे २००० पासून मोजायची. हक्क मिळाला, पण उपभोगायला राहिले काही महिने. मोठी कंपनी असा उशीर पचवते. अ‍ॅम्प्लिफायर, इंटरकॉम बांधणारा आपला कारागीर पचवू शकत नाही. अपिलाच्या निकालाला कायद्यातच मुदत हवी आणि सरकारी दिरंगाईत गेलेली वर्षे पेटंटच्या मुदतीत भरून मिळावीत.

याचा अर्थ पन्नास वर्षांच्या जुन्या कल्पनेला झालर लावून कोणी मक्तेदारी मिळवावी, असा नव्हे. अर्ज प्रसिद्ध झाल्यावर पेटंट मिळण्यापूर्वी कोणालाही हरकत घेता येते. आपल्या व्यापारी संघटना हे हत्यार का वापरत नाहीत, कळत नाही.

एप्रिल २०२१ मध्ये अपील मंडळ बंद झाले. आता अपील उच्च न्यायालयात. गडचिरोलीचा अर्ज मुंबई पेटंट कार्यालयाच्या कक्षेत येतो, म्हणून अपीलही मुंबईलाच. निर्णयाच्या तारखेपासून मुदत तीन महिन्यांची.