बंदूक कळणाऱ्या माणसाचे म्हणणे

ईदच्या दुसऱ्या दिवशी आमचा नातू ईदीच्या पैशांतून आणलेली प्लास्टिकची बंदूक घेऊन घरभर फिरत होता. ‘ठो, ठो’ करत त्याने ती माझ्यावर रोखली. मी काही बोलण्याआधीच त्याच्या दादीने त्याचा हात खाली केला. म्हणाली, “बेटा, खेळण्यातली असली तरी माणसावर नाही रोखायची.” तो हिरमुसला, पण ऐकले त्याने.

आपल्या घरांत ही शिकवण जुनी आहे. हत्यार आपल्या भावावर रोखू नये, मशिदीतून किंवा बाजारातून बाण नेताना त्यांची टोके हातात धरावीत, अशी ताकीद हदीसमध्ये आहे. हत्यार बाळगायला तिथे मनाई नाही. पण ज्याच्या हाती ते आहे, त्याच्यावर आसपासच्या लोकांच्या जिवाची अमानत आहे.

त्या दिवशी मला मार्क केली या अमेरिकन फौजीची आठवण झाली. केली यांचे आईवडील दोघेही पोलीस. ते स्वतः नौदलात वैमानिक झाले. १९९१ च्या आखाती युद्धात त्यांनी लढाऊ विमानातून ३९ मोहिमा केल्या. ते बॉम्ब इराकवर पडले, हे आपण विसरू शकत नाही; पण आजचा विषय ते युद्ध नाही. पुढे केली अंतराळवीर झाले. हत्यार काय करू शकते, हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. त्यांच्या स्वतःच्या घरातही बंदुका होत्या. त्यांच्या पत्नी गॅब्रिएल गिफर्ड्स अमेरिकन संसदेच्या सदस्य होत्या, त्याही बंदूक बाळगणाऱ्या.

८ जानेवारी २०११ हा शनिवार होता. अॅरिझोना राज्यातील टुसान शहराजवळ एका किराणा बाजारासमोर गिफर्ड्स मतदारांना भेटत होत्या. तिथे एका तरुणाने गोळीबार केला. सहा माणसे मेली, तेरा जखमी झाली. पहिली गोळी गिफर्ड्स यांच्या डोक्यात लागली. तिकडे निघालेल्या केलींनी विमानात टीव्हीवर पत्नीच्या मृत्यूची बातमी ऐकली. ती खोटी निघाली. गिफर्ड्स वाचल्या, पण बोलणे आणि चालणे त्यांना नव्याने शिकावे लागले. मेलेल्यांत नऊ वर्षांची एक मुलगी होती.

दुसरा एखादा माणूस अशा वेळी म्हणाला असता की साऱ्या बंदुका जप्त करा. किंवा म्हणाला असता की प्रत्येकाने बंदूक घेऊनच बाहेर पडा. केली यांनी यातले काहीच म्हटले नाही. डिसेंबर २०१२ मध्ये न्यूटाउनच्या शाळेत वीस लहान मुले आणि सहा मोठी माणसे मारली गेली. त्यानंतर काही आठवड्यांतच, टुसानच्या घटनेला दोन वर्षे झाली त्या दिवशी, या जोडप्याने जबाबदार मालकीसाठी काम करणारी संस्था काढली.

३० जानेवारी २०१३ रोजी दोघे सिनेटच्या समितीपुढे गेले. गिफर्ड्स मोठ्या कष्टाने मोजकी वाक्ये बोलल्या. केली यांनी सांगितले, आम्ही बंदूक बाळगतो, तो हक्क सोडणार नाही. पण त्या हक्काबरोबर जबाबदारी येते, आणि देश म्हणून आपण ती पाळलेली नाही.

त्यांनी टुसानचा हिशोबच मांडला. मारेकऱ्याच्या पिस्तुलात ३३ गोळ्यांचे मॅगझिन होते. ते पंधरा सेकंदांत रिकामे झाले. त्या लहान मुलीला लागलेली गोळी तेरावी होती. दुसरे मॅगझिन भरताना तो अडखळला, तेवढ्यात लोकांनी त्याला धरले. मॅगझिन दहाच गोळ्यांचे असते, तर ती मुलगी आज असती, असे केली म्हणाले. आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली. गोळीबार ऐकून एक भला माणूस स्वतःचे पिस्तूल घेऊन मदतीला धावला. त्याने जवळजवळ चुकीच्या माणसावर गोळी झाडली असती. ज्याच्या हातात त्याला बंदूक दिसली, त्याने ती मारेकऱ्याकडून हिसकावून घेतलेली होती! नियत नेक असली तरी गोंधळात हात चुकतो, हे लढाई पाहिलेल्या माणसाला चटकन कळते.

आपल्याकडे १९५९ च्या कायद्याप्रमाणे बंदुकीला परवाना लागतो. अमेरिकेत ती बाळगणे हा घटनेने दिलेला हक्क मानतात. परवानाधारक दुकानदाराला गिऱ्हाइकाची नोंद तपासावी लागते. खासगी विक्रेत्यावर मात्र केंद्रीय कायद्याने ते बंधन नव्हते. ही फट बुजवा, ही केली यांची मुख्य मागणी. तपासणीही नोंदीइतकीच कामाची असते. टुसानच्या तरुणाला फौजेने नाकारले होते, कॉलेजने निलंबित केले होते, तरी तो दुकानातल्या तपासणीत पास झाला.

१७ एप्रिल २०१३ रोजी तपासणी वाढवणारी दुरुस्ती सिनेटमध्ये मतदानाला आली. ५४ मते मिळाली, हवी होती ६०. न्यूटाउनचे आईबाप तेव्हा तिथे होते. केली थांबले नाहीत. २०२० मध्ये ते स्वतः सिनेटर म्हणून निवडून आले. जून २०२२ मध्ये एक कायदा झाला, त्यात २१ वर्षांखालील खरेदीदाराची अधिक कसून तपासणी आली. त्यांनी त्याला मत दिले. मागितले त्यापेक्षा हे कमी आहे, आणि त्यासाठी नऊ वर्षे गेली.

अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक आत्महत्या असतात. त्यांत युद्धावरून परतलेले फौजीही असतात. म्हणून बंदूक कुलपात, गोळ्या वेगळ्या, किल्ली मुलांपासून दूर, हे तिथले जाणते लोक पुन्हापुन्हा सांगतात. कायदा दुकानापर्यंत पोहोचतो. घरातले कपाट घरच्या माणसालाच सांभाळावे लागते.

आपल्यापैकी फार थोड्या घरांत बंदूक असेल. पण पंधरा वर्षांच्या मुलाच्या हाती मोटारसायकलची किल्ली देणारे बाप आपल्या मोहल्ल्यातही आहेत. “माझी गाडी, माझा मुलगा, तुमचे काय जाते?” असे ते विचारतात. जाते ते रस्त्यावरून चालणाऱ्याचे. वस्तू आपली असली तरी तिच्या वाटेत येणारा जीव आपला नसतो, आणि त्याचा जबाब आपल्यालाच द्यावा लागतो.