कातरण कुठं गेलं, महोदय?

प्रति,
मा. वस्त्रोद्योग मंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई.
(प्रत माहितीसाठी: शालेय शिक्षण विभाग)

विषय: २०२४-२५ च्या शालेय गणवेशाच्या कातरणाचा हिशेब मिळणेबाबत.

महोदय,



अर्जाच्या भाषेत लिहून झालं. तालुक्याच्या एका कार्यालयात अर्ज दिला, पोच मिळाली, पोचीवर शिक्काही छान गोल उमटला. उत्तर तेवढं आलं नाही. तोंडी मिळालं ते असं: "ताई, तुमच्याकडं शिलाई. कापडाचं आम्हाला काय विचारता?" म्हणून कापडाचं खातं ज्यांच्याकडं, त्या तुम्हालाच विचारतो. आम्ही जामखेड तालुक्यातल्या, बचत गटात मशीन चालवणाऱ्या बाया.

'एक राज्य, एक गणवेश' ही योजना म्हणजे काय भानगड होती हे तुम्हाला नव्यानं सांगायला नको. त्याआधी एका गणवेशामागं ३०० रुपये शाळा व्यवस्थापन समितीकडं यायचे आणि कापड, शिलाई, काजं-बटणं सगळं त्यात गावातच भागायचं. तुम्ही ठरवलं की कापड वरून येणार, तेही बेतून, कापून. आम्ही फक्त तुकडे जोडायचे. शिलाईचे १०० आणि अनुषंगिक खर्चाचे १०, असे ११० रुपये. तालुक्याच्या कोणत्याही पेठेत ११० रुपयांत शर्ट-पँट शिवून देणारा शिंपी दाखवा, त्याचा आम्ही सत्कार करू. पण आज भांडण शिलाईचं नाही. ते पुन्हा केव्हातरी.

आजचं भांडण कात्रीचं आहे. ज्याच्या हातात कात्री, त्याच्याकडं कातरण. तुम्ही कात्री गावातून उचलून ठेकेदाराच्या टेबलावर ठेवलीत, तेव्हा कातरणही तिकडंच गेलं.

किती गेलं, ते सांगतो. सुमारे ४४ लाख पोरं. लहान-मोठं सरासरी धरून एका गणवेशाला दोन मीटर कापड. झालं ८८ लाख मीटर. कपड्याच्या कारखान्यातले लोकच सांगतात की बेतताना १० ते १५ टक्के कापड वाया जातं. आम्ही तुमच्या ठेकेदाराला हुशार मानतो, १० टक्केच धरतो. ८ लाख ८० हजार मीटर. किलोमीटरमध्ये ८८०. नगरहून मंत्रालयापर्यंत अंथरत गेलं तर जाऊन, येऊन, पुन्हा जाऊन उरेल. त्यातलं निम्मं निव्वळ चिंधी म्हणून सोडून द्या. राहिलं ४ लाख ४० हजार मीटर. तुकडे जोडताना शिवणीत दबतं, तेही धरून लहान पोराच्या एका कपड्याला मीटरभर लावलं, तरी ४ लाख ४० हजार कपडे होतात. हा हिशेब आमच्या टेपचा आहे. तुमचा वेगळा असेल तर दाखवा. आमची भीती अशी की तुमच्याकडं हिशेबच नाही.

आता कातरण म्हणजे काय, तेही सांगतो, कारण निविदा काढणाऱ्यानं कधी कापड बेतलं असेल असं वाटत नाही. शर्टाची पाठ आणि दोन पुढचे भाग मांडले की मुंड्यांच्या मधे चंद्रकोरीसारखे तुकडे सुटतात. बाहीच्या गोलाईशेजारी तिकोनी निघतं. पट्टीच्या कडेला बोटभर रुंद, हातभर लांब पट्टी राहते. तुमच्या गणवेशात तर दोनच रंग होते, आकाशी आणि गडद निळा. आमच्यासारखीच्या हातात हे पडलं तर लांब पट्टीचा गळा होतो, चंद्रकोरी उलटसुलट जोडून झबल्याचा घेर होतो, तिकोन्यांची टोपी होते, निळ्याचा खिसा आकाशीवर बसतो. उरलं ते कुंचीच्या अस्तराला, त्याहून बारकं गोधडीच्या पोटात. आमच्या आज्या लुगडं मधे विरलं की विरलेला भाग कापून दोन्ही धड टोकं जोडायच्या, दंड घालायच्या, आणि तेच लुगडं पुढं काही वर्षं नेसायच्या. यासाठी त्यांचं कोणी प्रशिक्षण शिबिर घेतलं नव्हतं आणि प्रमाणपत्रही दिलं नव्हतं. आता हेच शहरात 'अपसायकलिंग' म्हणून काचेच्या दुकानात टांगलेलं असतं. त्याची किंमत बघून आम्ही बाहेरूनच परत फिरतो.

आणि हे काही आमच्या गावापुरतं रडगाणं नाही. 'फॅशन फॉर गुड' या संस्थेचा २०२२ चा अहवाल सांगतो की भारतात वर्षाला सुमारे ७८ लाख टन कापडी कचरा गोळा होतो, त्यातला ४२ टक्के गिरण्या आणि शिलाई कारखान्यांतला, म्हणजे कोणी अंगात घालायच्या आधीचा. निव्वळ सुती कातरण पिंजून त्याचा पुन्हा धागा करता येतो. सूत-पॉलिस्टरच्या मिश्र कापडाचं तसं सोपं नाही. ते पूर्ण कुजत नाही आणि जाळलं तर त्याचा धूर नाकात बसतो. मिश्र कापडाचा सरळ उपयोग एकच, ते कापड म्हणूनच वापरायचं. त्याला लागतं काय? मशीन, दोरा आणि घरी बसलेले हात. तिन्ही आमच्याकडं होते. कापड तेवढं तुमच्याकडं होतं.

गंमत अशी की त्याच वर्षी दुसरा, स्काऊट-गाईडचा गणवेश होता. त्याचं कापड तुम्ही न कापता शाळा समित्यांना द्यायचं ठरवलंत. म्हणजे गावात कापड बेतता येतं हे सरकारला ठाऊक होतं! मग पहिल्या गणवेशाला काय झालं होतं? मंत्रालयातून बेतलेल्या मापांनी पुढं काय दिवे लावले ते राज्यानं पाहिलं. कुणाला घट्ट, कुणाला ढगळ, आणि १५ ऑगस्ट उजाडला तरी अनेक शाळांत पोरं जुन्याच कपड्यांत झेंड्याला उभी. डिसेंबर २०२४ मध्ये तुम्ही निर्णय फिरवला आणि गणवेश पुन्हा शाळा समित्यांकडं दिलात. बरं केलंत. पण निर्णय मागं घेताना त्या वर्षीच्या कातरणाबद्दल एक अक्षर नाही.

तुमचं २०२३-२८ चं धोरण आहे, 'एकात्मिक व शाश्वत वस्त्रोद्योग धोरण'. त्यात २५ हजार कोटींची गुंतवणूक आहे, ५ लाख रोजगार आहेत. त्याच धोरणातून अंत्योदय कुटुंबांना वर्षाला एक साडी आली. ३५५ रुपयांची एक, सुमारे २४ लाख ८० हजार कुटुंबं, म्हणजे ८८ कोटी रुपये. एप्रिल २०२४ मध्ये जव्हारच्या आदिवासी बायांनी त्या साड्या तहसील कार्यालयात परत नेऊन दिल्या आणि साडी नको, काम द्या म्हणाल्या. त्या आमच्या कुणी लागत नाहीत, पण बोलल्या आमच्या मनातलं. नवं कापड वाटायला तुमच्याकडं ८८ कोटी आहेत. जे कापड विकत घेऊन झालं, कापून झालं, त्याचे तुकडे पोत्यात भरून जामखेडला पाठवायला मात्र गाडीभाडं नाही.

६ मे २०२५ ला तुम्ही सगळं मंत्रिमंडळ घेऊन आमच्या तालुक्यात, चौंडीला आला होतात. अहिल्यादेवी होळकरांच्या जन्माची त्रिशताब्दी. रस्ते रातोरात गुळगुळीत झाले, मांडव थंडगार होता. ज्यांच्या नावानं आता जिल्हा ओळखला जातो, त्या बाईंनी महेश्वरला बाहेरून विणकर आणून वसवले, त्यांना काम दिलं. माहेश्वरी साडी आजही त्यावर जगते आहे. तुम्ही भाषणात हे सांगितलंही असेल. आम्हाला मांडवाच्या आत सोडलं नव्हतं, त्यामुळं ऐकू आलं नाही.

आमची मागणी एवढीच. २०२४-२५ च्या गणवेशाचं किती मीटर कापड विकत घेतलं, किती बेतण्यात लागलं आणि उरलेलं कातरण कोणी, किती किलोनं, कोणाला विकलं, ते जाहीर करा. ठेकेदारानं विकलं असेल तर ते सरकारी पैशाचं कापड होतं, ते पैसे कोणत्या खात्यात जमा झाले तेही सांगा. यापुढं सरकारी कापड जिथं कुठं कापलं जाईल, मग तो गणवेश असो की रुग्णालयाच्या चादरी, तिथलं कातरण वजन करून जवळच्या बचत गटाला द्यायचं, अशी अट निविदेत घाला. राज्यात एक लाखाहून जास्त अंगणवाड्या आहेत. त्यातल्या पोरांचे कपडे आम्ही त्यातून शिवू, शिलाईचा रास्त दर बसून ठरवू. ११० वर अंगठा आता उठणार नाही.

अट घातलीत तर निविदेची प्रत आम्हाला पाठवा. नाही घातलीत, तर का नाही ते लेखी कळवा. शिक्का गोल नसला तरी चालेल.

आपल्या,
शिवणकाम करणाऱ्या बाया,
ता. जामखेड, जि. अहिल्यानगर